पाणी काचेसारखं स्वच्छ, तरी मासे का मरतात?

प्रश्न: मुलाच्या हट्टापायी गुढीपाडव्याला दोन फुटी फिशटँक आणला. दुकानदार म्हणाला, सत्तर लिटरचा आहे. त्याच दिवशी २ गोल्डफिश, ६ निऑन टेट्रा, ४ मॉली, २ एंजल आणि काच साफ ठेवायला १ सकर असे मासे सोडले. पाचव्या दिवशी ३ निऑन मेले. पाणी बिघडलं असेल म्हणून रविवारी सगळं पाणी काढलं, खडे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतला, टाकी पुन्हा भरली. मंगळवारी उरलेले निऑन आणि एक मॉली गेली. दुकानदाराने निळं औषध दिलं आणि आणखी मासे दिले. तेव्हापासून दर रविवारी टाकी अशीच धुतो. पाणी काचेसारखं दिसतं, पण मंगळवार-बुधवारी सकाळी एक-दोन मासे मेलेले असतातच. आधी ते वर येऊन तोंडाची उघडझाप करतात. अंगावर ठिपके नाहीत, जखमा नाहीत. मे महिन्यापासून सोसायटीत टँकरचं पाणी येतंय आणि मरण्याचं प्रमाण वाढलंय. आवाज होतो म्हणून रात्री अकरा ते सकाळी सात फिल्टर आणि हवेचा पंप बंद ठेवतो. मुलगा दिवसातून तीनदा खाणं घालतो. तळाला पांढरे खडे आणि कोकणातून आणलेले शिंपले आहेत. आता २ गोल्डफिश, १ मॉली आणि सकर एवढेच उरलेत. सासूबाई म्हणतात, मासा घरावरचं संकट स्वतःवर घेऊन जातो. हा रोग कोणता, औषध कोणतं, आणि नवे मासे कधी आणू?
— एक वाचक, पुणे

उत्तर: ताई, तुमच्या टाकीत रोग असल्याचं एकही लक्षण पत्रात नाही. मासे अमोनियाने मरतायत, आणि टाकीत अमोनिया साठतोय तो रविवारच्या धुण्यामुळे. सासूबाईंच्या श्रद्धेला धक्का लावायचं कारण नाही. पण संकट दर मंगळवारी-बुधवारीच येत असेल, तर आदल्या रविवारी काय होतं तेच बघायला हवं.

पत्रात तुम्ही दिवस आणि माशांची नावं दिलीत, त्यामुळे निदान सोपं झालं. आधी कोण गेलं? निऑन. मऊ (कमी क्षारांच्या), किंचित आम्ल पाण्यातला हा नाजूक मासा. उरले कोण? गोल्डफिश आणि मॉली, म्हणजे जड पाणी आणि घाण दोन्ही बऱ्यापैकी सोसणारे. आणि सकर, जो पाण्यात प्राणवायू कमी पडला तर वर येऊन हवा गिळतो आणि पोटातून ती शोषून घेतो. साथीच्या रोगात सहसा अशी निवड दिसत नाही. नाजूक आधी, चिवट शेवटी हा क्रम पाण्यातल्या विषाचा आणि प्राणवायूच्या तुटवड्याचा असतो. त्यात दुर्दैव असं की उरलेले दोन गोल्डफिशच टाकीत सगळ्यात जास्त अमोनिया सोडणारे आहेत.

हा अमोनिया दिसत नाही, इतक्या थोड्या प्रमाणात त्याचा वासही येत नाही. मासे तो मुख्यतः कल्ल्यांतून सतत बाहेर टाकतात. न खाल्लेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही तो तयार होतो. ४० टक्के प्रथिनं असलेलं एक ग्रॅम खाणं, म्हणजे जेमतेम अर्धा चहाचा चमचा दाणे, माशांच्या पोटातून गेलं की त्यातला ३० ते ४० मिलिग्रॅम नायट्रोजन अमोनियाच्या रूपात पाण्यात येतो. तुमच्या टाकीत तेवढ्याने पातळी ०.६ ते ०.८ पीपीएमने (म्हणजे लिटरमागे तितक्या मिलिग्रॅमने) चढते. लहान मुलाच्या तीन चिमटींत एका दिवसात एवढं खाणं सहज जातं.

जुन्या, मुरलेल्या टाकीत हा अमोनिया साठत नाही. स्पंजवर आणि खड्यांवर चिकटून राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. पहिलं काम नायट्रोसोमोनास जातीचे जिवाणू करतात, दुसरं मुख्यतः नायट्रोस्पायरा. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र बऱ्याच प्रमाणापर्यंत चालतं आणि पाणी बदललं की कमी होतं. नव्या टाकीत या जिवाणूंची पुरेशी वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. ते पाण्यात फारसे नसतात, स्पंजला आणि खड्यांना चिकटलेले असतात. म्हणजे दर रविवारी क्लोरीनच्या पाण्याखाली तुम्ही जे खळखळून धुता, नेमकं तेच. टाकी दोन महिन्यांची असली तरी तिचं वय दर सोमवारी एक दिवस असतं. सोमवारी अमोनिया चढायला लागतो, मंगळवार-बुधवारपर्यंत कमकुवत मासा जातो.

टँकर आल्यावर प्रमाण का वाढलं, याचंही उत्तर अमोनियातच आहे. पाण्यात तो दोन रूपांत असतो: अमोनियम, जे माशाला फारसं लागत नाही, आणि मोकळा अमोनिया, जो कल्ले जाळतो. २८ अंश तापमानाला पीएच (पाणी किती आम्ल, किती अल्कधर्मी याचं माप) ७ असेल तर एकूण अमोनियातला एक टक्क्याहूनही कमी भाग मोकळा असतो. पीएच ८ झाला की तोच साडेसहा टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे चाचणीच्या किटवर दोन्ही वेळा १ पीपीएम दिसलं तरी दुसऱ्या पाण्यात विष नऊ-दहा पट आहे. मोकळा अमोनिया ०.०२ पीपीएमच्या वर गेला की नाजूक माशांना त्रास सुरू होतो, ०.०५ च्या पुढे कल्ल्यांना इजा होते. तुमच्या नळाला एरवी येणारं धरणाचं पाणी बऱ्यापैकी मऊ असतं. टँकर बहुतेक बोअरचं किंवा विहिरीचं पाणी आणतो आणि दख्खनच्या काळ्या खडकातून आलेलं हे पाणी जड असतं, पीएचही चढा. एका रविवारात सगळं पाणी मऊचं जड झालं, म्हणजे माशाच्या शरीरातल्या क्षारांच्या तोलालाच धक्का बसला. वर मे महिना: २५ अंशांना पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना ७.६. त्यात रात्री आठ तास पंप बंद. मासे सकाळी मेलेले सापडतात ते यामुळे.

आज संध्याकाळी काय करायचं

फिल्टर आणि हवेचा पंप चालू करा आणि यापुढे बंद करू नका. दहा वॅटचा पंप महिनाभर अखंड चालला तरी सात-सव्वासात युनिट वीज खातो. फिल्टर तासन्‌तास बंद राहिला की स्पंजमधल्या जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही आणि तुम्ही धुतला नाहीत तरी ते मरायला लागतात. आवाजाचा इलाज वेगळा आहे. हवेचा पंप लाकडी कपाटावर थेट ठेवला की सगळं कपाट गुरगुरतं. खाली फोमचा जाड तुकडा ठेवा किंवा पंप खिळ्याला टांगा. तो पाण्याच्या पातळीच्या वर असू द्या, नाहीतर वीज गेली की पाणी नळीतून उलटं पंपात येतं. वर ठेवणं जमत नसेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. पॉवर फिल्टर खडखडत असेल तर प्लग काढून त्याचं फिरकीचं चक्र बाहेर काढा. दांड्यावर केस, खड्याचा कण नाहीतर शेवाळ अडकलेलं सापडेल.

मग अर्धं पाणी बदला. फक्त पाणी; खडे, स्पंज, काच कशालाही हात लावू नका. नवं पाणी बादलीत काढून त्यात अँटी-क्लोरीन घाला, दहा मिनिटं थांबा, हाताला टाकीच्या पाण्याइतकंच लागतंय ना ते बघा. एक-दोन अंशांहून जास्त फरक नको. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी कढत असतं, म्हणून बादल्या सकाळी लवकर भरून सावलीत ठेवा. पाणी मगाने सावकाश ओता, अर्धा तास लागला तरी चालेल.

एक अपवाद. टाकीतल्या पाण्याचा पीएच ६.५ च्या खाली गेलेला असेल आणि अमोनिया जास्त असेल, तर एकदम अर्धं पाणी बदलू नये. नव्या पाण्याने पीएच झटकन चढतो आणि निरुपद्रवी अमोनियम मोकळ्या अमोनियात बदलतं. तेव्हा दर चार-सहा तासांनी दहा-पंधरा टक्के बदलावं. तुम्ही पाणी दर आठवड्याला पूर्ण बदलत आलात, त्यामुळे तुमच्याकडे ही वेळ येण्याची शक्यता कमी. पण दोन वर्षं पाणी न बदललेल्या टाकीत नेमकं हेच घडतं.

आज खाणं नाही. उद्याही नाही. मुलाला समजावा, निरोगी मोठा मासा आठवडाभर उपाशी राहिला तरी मरत नाही. पुढचा महिनाभर एक दिवसाआड, दोन मिनिटांत संपेल एवढंच. पोळीचे तुकडे, बिस्किट, चुरमुरे असला पाहुणचार कायमचा बंद.

किट घ्या, निळी बाटली बाजूला ठेवा

औषधाआधी द्रव टेस्ट किट घ्यायला हवं होतं. पट्ट्यांचं नको; रंग पुसट येतात आणि स्वस्त पट्ट्यांवर अमोनियाची खूणच नसते. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच या चार चाचण्या हव्यात. रंग दिवसाउजेडी, मागे पांढरा कागद धरून बघा. ट्यूबलाइटखाली पिवळा आणि फिकट हिरवा यांतला फरक कळत नाही आणि अमोनियाच्या चाचणीत तोच फरक महत्त्वाचा. नायट्रेटच्या किटमधली दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरजोरात हलवल्याशिवाय थेंब टाकू नका. तिच्यातली पूड तळाशी बसते आणि न हलवता केलेली चाचणी नायट्रेट नसल्यासारखं दाखवते. यात भलेभले फसतात.

पहिली चाचणी नळाच्या पाण्याची करा, आणि तीही ते पाणी चोवीस तास हवेचा दगड (हवेच्या नळीच्या टोकाला लावतात तो सच्छिद्र दगड) सोडून ठेवल्यावर. बोअरच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, त्यामुळे ताजं असताना पीएच कमी दिसतो आणि रात्रभरात चढतो. टँकरच्या पाण्याची वेगळी, पालिकेच्या पाण्याची वेगळी. आरओची सर्व्हिस करणाऱ्याकडे असतो तो टीडीएसचा (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) पेन मिळाला तर दोन्ही पाण्यांचा आकडा घ्या. १०० आणि ६०० असा फरक असेल, तर एक पाणी अर्ध्या टाकीत एकदम ओतायचं नाही, हे तिथेच ठरलं. चाळीस लिटरचा झाकणाचा ड्रम घेऊन पालिकेचं पाणी येईल तेव्हा भरून ठेवलात, तर उन्हाळा निभेल. आरओचं शुद्ध पाणी एकटं वापरू नका. त्यात क्षार जवळजवळ नसतात, आणि जिवाणू अमोनिया फोडताना पाण्याचा अल्कधर्मी साठा खर्च करत असल्याने अशा पाण्याचा पीएच एक दिवस कोसळतो. सहाच्या खाली गेला की जिवाणूंचं कामही जवळपास थांबतं.

टाकीचं खरं माप आधी घ्या. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची इंचांत मोजून गुणाकार करा आणि ६१ ने भागा, लिटर मिळतात. २४ बाय १२ बाय १५ ची टाकी काठोकाठ भरली तर सत्तर लिटर होते. तुम्ही पाणी बहुधा बारा इंच भरता, म्हणजे साधारण ५७ लिटर. खडे आणि सजावट वजा केली की ४८ च्या आसपास. म्हणजे सत्तर लिटरच्या हिशेबाने घातलेलं निळं औषध जवळजवळ दीडपट झालं होतं.

ते निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्लू. अंड्यांना बुरशी लागू नये म्हणून किंवा वेगळ्या बादलीत ठेवलेल्या आजारी माशासाठी ते उपयोगी आहे. मुख्य टाकीत ओतलं की फिल्टरमधले जिवाणूही मारतं आणि टाकीचे सिलिकॉनचे सांधे कायमचे निळे करून जातं. तुमच्याकडे आधीच जिवाणू टिकत नव्हते, त्यात हे. लक्षणांशिवाय औषध घालायचं नाही, अँटिबायोटिक तर मुळीच नाही.

पुढचा महिना

रोज एकाच वेळी अमोनिया आणि नायट्राइट तपासा आणि कॅलेंडरवर आकडे लिहा. दूधवाल्याचा हिशेब लिहितो तसं. अमोनिया ०.५ पीपीएमच्या वर किंवा नायट्राइट ०.५ च्या वर दिसलं, की त्या दिवशी तिसरा हिस्सा ते अर्धं पाणी बदला. पीएच ८ च्या वर असेल तर अमोनियाला ०.२५ चीच मर्यादा धरा. पहिल्या आठ-दहा दिवसांत अमोनिया चढेल आणि मग आपोआप उतरायला लागेल. त्याच सुमाराला नायट्राइट वर येईल आणि ते दोन-तीन आठवडे रेंगाळेल. या टप्प्यावर लोक हात टेकतात, कारण अमोनिया शून्य दिसत असताना मासे पुन्हा वर येऊन हवा घेतात. नायट्राइट रक्तात शिरून त्याची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घालवतं. अशा मेलेल्या माशाचे कल्ले लाल न दिसता तपकिरी दिसतात. इलाज स्वयंपाकघरातच आहे. मिठातला क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइटला आत येऊ देत नाही. तुमच्या ४८ लिटरला १० ग्रॅम जाडं मीठ, म्हणजे दोन सपाट चहाचे चमचे, मगभर पाण्यात विरघळवून घाला. एवढं सकरलाही चालतं. पाणी बदलाल तेव्हा काढलेल्या पाण्याच्या प्रमाणातच मीठ पुन्हा घाला, दर वेळी दहा ग्रॅम नव्हे. पाणी उडून जातं, मीठ उडत नाही.

हा काळ कमी करायचा एक खात्रीचा मार्ग आहे. ओळखीत कोणाची वर्षभर नीट चाललेली, रोग नसलेली टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा आणा. ओलाच, त्यांच्याच पाण्यात, तासाभरात तुमच्या फिल्टरमध्ये. अनेकदा आठ-दहा दिवसांत काम होतं. बाटलीबंद जिवाणूंपैकी काही चांगले असतात, पण उन्हात गोदामात पडून राहिलेली बाटली आणि साधं पाणी यांत फार फरक उरत नाही. घ्यायचंच असेल तर घ्या, भिस्त ठेवू नका.

स्पंज कधी धुवायचा? पाण्याची धार मंदावली की, साधारण तीन-चार आठवड्यांनी. टाकीतून काढलेलं पाणी बादलीत घ्या, त्यात स्पंज दोन-तीनदा दाबा आणि परत बसवा. तपकिरी राहिला तर राहू द्या. खड्यांतला गाळ सायफनने दर आठवड्याला चौथाई भागातला काढा, स्पंज धुवाल त्या दिवशी तोही नाही. टाकी मुरल्यावर आठवड्याला वीस-पंचवीस टक्के पाणी बदललं की पुरे. नायट्रेट ४० च्या खाली, जमल्यास २० च्या आसपास राहिलं पाहिजे.

अँटी-क्लोरीन म्हणून दुकानात मिळणारे पांढरे खडे बहुधा सोडियम थायोसल्फेट असतात, फोटो धुणारे ज्याला हायपो म्हणत तेच. दहा ग्रॅम खडे शंभर मिली पाण्यात विरघळवून ठेवलेत तर १ मिलीत सुमारे १५ लिटरच्या बादलीतला १ पीपीएम क्लोरीन निघून जातो. दोन मिली घाला, थोडं जास्त झाल्याने बिघडत नाही. द्रावण दीड-दोन महिन्यांनी नवं करा. सोसायटीची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतली की दोन दिवस पाणी बदलूच नका. शंका असेल तर ग्रामपंचायतीत करतात ती क्लोरीनची ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणी करून बघा. थेंबांनी पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे. चाचणीचं पाणी मोरीत ओता, टाकीत नको.

पांढऱ्या खड्यांवर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर तो संगमरवर आहे आणि पीएच चढवत बसणार. शिंपले तर चुन्याचेच, ते लगेच काढा. खडे मात्र आत्ता काढू नका, थोडेफार जिवाणू त्यांच्यावरच तग धरून असतील. टाकी मुरली की दर पंधरवड्याला पाव हिस्सा असे बदलून साधी नदीची बारीक रेती-खडी घाला.

एवढं करूनही मासा मेला तर

वेळ बघा. पाणी बदलल्यावर तासाभरात मासे सैरावैरा धावले, फिके पडले तर क्लोरीन नाहीतर तापमान. सगळे एकाच दिवशी आडवे झाले आणि पाणी बदललेलं नव्हतं, तर घरात काय फवारलं ते आठवा. डासांच्या लिक्विड मशीनमध्ये, कॉइलमध्ये, झुरळांच्या स्प्रेमध्ये पायरेथ्रॉइड गटाची रसायनं असतात; माणसाला ती फारशी जाणवत नाहीत, माशांना अत्यंत घातक. हवेचा पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो, तेव्हा पंपाजवळ डासांची मशीन लावली असेल तर ती दुसऱ्या खोलीत न्या. पालिकेची धूरफवारणी आली की खिडक्या लावा, टाकीवर ओला पंचा टाका, हवेचा पंप अर्धा तास बंद ठेवा आणि फिल्टर चालू राहू द्या. पेस्ट कंट्रोलच्या दिवशीही हेच. टाकीत हात घालण्यापूर्वी क्रीम, साबण धुऊन काढा.

अंगावर रव्याच्या कणांएवढे पांढरे ठिपके, मासा खड्यांना अंग घासतोय, तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, इक. त्याचा परजीवी माशाच्या कातडीखाली असताना औषधाला दाद देत नाही, पाण्यात मोकळा पोहताना मरतो. म्हणून ठिपके गेल्यावर औषध थांबवायचं नाही. एकूण दहा ते चौदा दिवस चालवायचं. पाणी ३० अंशांना नेलं की त्याचं चक्र भराभर फिरतं आणि इलाज लवकर होतो. पण तोंडाभोवती कापसासारखा पांढरा थर किंवा पाठीवर खोगिरासारखा फिकट पट्टा असेल तर तो जिवाणूंचा कॉलम्नॅरिस रोग आहे, आणि पाणी गरम केलंत तर मासे दोन दिवसांत संपतील. दिसायला दोन्ही ‘पांढरंच काहीतरी’, म्हणून दुकानात फोटो दाखवून बाटली आणू नका. आधी नीट निरखा.

आता जोड्यांबद्दल. तुम्हाला दिलेले मासे एका टाकीतले नव्हतेच. गोल्डफिश थंड पाण्यातला, १८ ते २२ अंशांत खूश. निऑनला मऊ पाणी हवं, मॉलीला जड. एंजल वाढला की निऑन खातो. सकर पूर्ण वाढला तर दीड फुटाच्या आसपास जातो, तुमच्या टाकीत तो वळूसुद्धा शकणार नाही, आणि काच साफ करण्यापेक्षा घाणच जास्त करतो. दुकानदार परत घेत असेल तर सकर त्याला द्या. मुठेत किंवा पाषाण तलावात मात्र कदापि सोडू नका. हा परका मासा देशातल्या अनेक नद्या-तलावांत पसरलाय आणि मच्छीमारांची जाळी फाडतोय. दोन गोल्डफिश ठेवायचे असतील तर दीडशे लिटरची टाकी हवी. नाही जमत, तर मोठी टाकी किंवा कुंड असलेल्या कोणाला तरी देऊन टाका. दोघं राहिले तर या ४८ लिटरमध्ये बाकी काही टिकणं कठीण.

नवे मासे कधी? रोजचं खाणं सुरू केल्यावरही अमोनिया आणि नायट्राइट सलग सात दिवस शून्य दिसलं, की मग. पहिल्या खेपेला फक्त तीन मासे. पंधरा दिवस आकडे स्थिर राहिले तर आणखी तीन. टँकरच्या पाण्याला गप्पी किंवा प्लॅटी जमतील. सहा-आठ नर गप्पी या टाकीत छान राहतात, आणि नरच घेतलेत तर पिल्लांचा पूर येत नाही. झेब्रा डॅनिओही चालतील, ते मूळ आपल्याच देशातले आणि चिवट. नवे मासे आधी पंधरा-वीस लिटरच्या प्लास्टिकच्या टबात, छोटा स्पंज फिल्टर लावून दोन-तीन आठवडे वेगळे ठेवा. त्या फिल्टरचा स्पंज आधी मुख्य टाकीतच मुरवून घ्या, नाहीतर टबात पुन्हा रविवारचीच गत.

दुकानातून आणलेली माशांची पिशवी टबात पंधरा मिनिटं तरंगू द्या, मग उघडून दर पाच मिनिटांनी अर्धी वाटी टबाचं पाणी तिच्यात घाला, पाऊण तासाने मासे जाळीने उचलून सोडा. पिशवीतलं पाणी मोरीत. हे दुकानातून तासाभरात आणलेल्या माशांचं. कुरिअरने रात्रभर प्रवास करून आलेल्या पिशवीला हा नियम लावू नका. तिच्यात कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो आणि अमोनिया भरपूर असतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा वेळी बंद पिशवीतच तापमान जुळवा आणि उघडल्याबरोबर मासे जाळीने टबात घ्या.

मुलाला निऑनच हवे असतील तर दिवाळीपर्यंत थांबा. तोवर नळाला धरणाचं पाणी असेल, खडे बदलून झालेले असतील आणि पाणी २४-२५ अंशांवर असेल. डिसेंबरच्या रात्रींसाठी ५० वॅटचा हीटर मात्र त्याआधीच बसवून ठेवा.